आडोशाचं उत्तर

जामखेड,
रविवार, १८ जानेवारी २०२६

चांगुणा,

मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. आपत्तीच्या मदतकामाच्या प्रशिक्षणातली तुझी जागा तेव्हा गेली.

गुडघा कसा आहे? तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मोबाईल काय देव्हाऱ्यात ठेवायला घेतलास?

तुझं नाव नाही कळल्यावर, पुण्याहून मुलाखत घ्यायला आलेल्या तिघांना मी तुझ्यासमोर 'आंधळे मेले' म्हटलं. सहा महिन्यांचं शिक्षण, राहणं-जेवण त्यांचं, पुढे पगाराची नोकरी. आणि निवड झाली ती पूरग्रस्तांच्या शिबिरात एक चादरही न उचललेल्या मुलीची! काल आपल्या संस्थेच्या रविकांतने निकालाचा कागद दाखवला. तुझ्या नावापुढे शेरा : 'उत्तरं पुस्तकी. प्रत्यक्ष अनुभव दिसत नाही.'

तुला अनुभव नाही! सप्टेंबरच्या पुरात शाळेत आणलेली दीडशे माणसं तू सांभाळलीस. मी खुर्चीत बसून याद्या केल्या.

आता लिहितेच. त्या तिघांनाही मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. त्यांनी विचारलं, पुरातून माणसं आली की पहिलं काय करता?

तू म्हणालीस, "आदी साड्या बांधून बायांना आडोसा करते. रातभर लघवीला गेलेल्या नसत्यात बिचाऱ्या. नाव-गाव मागनं."

त्या शब्दाने माझे कान तापले. कॉन्व्हेंटात असलं बोललं की सिस्टर हातावर पट्टी मारत. मी इंग्रजीत सांगितलं, 'प्रथम कुटुंबांची नोंदणी करते.' बस्स.

व्हरांड्यात तू विचारलंस, "बाई, मी लई बोलले, तुमी येवढुसंच सांगितलं?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात," मी म्हटलं. अडुसष्टाव्या वर्षी खोटं बोलले. आणि सप्टेंबरात तुझ्या आडोशामागे सगळ्यांत आधी धावले होते ती मीच.

समितीला मी हे सगळं लिहून कळवलं आहे. एक जागा अजून रिकामी आहे. तुझ्या हातचं पत्र आलं तर विचार करतील. सातवी शिकलीस, लिहिता येतं. बोलतेस तसंच लिही. इंग्रजी दुसरं कोणी करेल, मी पाकीट उघडणारसुद्धा नाही.

मला माफ कर, असं म्हणण्याचं धाडस होत नाही. शिव्या द्यायच्या असतील तर वेगळ्या कागदावर दे, तो मात्र माझ्याकडे पाठव.

शुक्रवार, २३ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत तुझं लेखी उत्तर रविकांतच्या हातात पडलं पाहिजे. 'जाऊ द्या बाई' हे उत्तर धरलं जाणार नाही.

तुझं बोलणं गिळून बसलेली,
प्रेमला