हे सध्या ऑफ आहेत

६ मार्च २००४
तेरावं होऊन तीन दिवस. सतरंज्या मंडपवाल्याकडं गेल्या, पाहुणे आपापल्या गावी. बुंदी उरलीय, पातेलंभर. कॉलेजनं रजा दिलीय, दुःख करायला. ते काही येईना म्हणून दुपारी ह्यांचा कंप्युटर लावला. एकेचाळीस पत्रं. सगळी ह्यांच्या नावे. मेलबर्नच्या एकाला कार्ब्युरेटरचा नंबर पाहिजे. जल्दी पाहिजे म्हणतो.

७ मार्च
ह्यांची नोंदवही उघडून बघितली. हिंदुस्थानात कधीकाळी बोटीनं उतरलेल्या विलायती दोनशिटी गाड्या, टप नसलेल्या. कुठली कुठं गेली, आज कुणाच्या दारात उभी आहे. आधी फुलस्केप वही होती, चार वर्षांपासून इंटरनेटवर. अंकुशनगरला कारखान्यात उसाच्या रसाची साखर मोजून घरी आले की हे काम. पहिली नोंद आमचीच. १९८१ साली हैदराबादहून ट्रकात बसून आली, इंजिनाशिवाय. तेवीस वर्षं मागच्या शेडात. जगभरच्या चालत्या गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्याची गाडी एक फूट चालली नाही. आमच्या ह्यांना विनोदबुद्धी नव्हती असं मी उगाच म्हणायचे.

९ मार्च
विल्फ्रेडरावांना कळवलं. इंग्लंडातले, वय अठ्ठ्याहत्तर, बायको नाही. आमच्या शेडातली गाडी मूळ त्यांच्या वडलांची, सिकंदराबादला असतानाची. तिच्यात बसून विल्फ्रेडराव शाळेत जायचे. दर रविवारी ह्यांना पत्र, चार वर्षांत खंड नाही. त्यांना तरी कळवायला पाहिजे. मी लिहिलं: सर, ही इज ऑफ सिन्स ट्वेंटिएथ फेब्रुवारी. आय अॅम हिज वाइफ. रजिस्टर मी बघते.
व्याकरण दोनदा तपासलं. बराबर आहे.

११ मार्च
वि.रावांचं उत्तर. आनंद झाला म्हणतात. फार वर्षं राबला, रजा घ्यायलाच पाहिजे होती. कुठं गेलाय? थंड हवेच्या जागी गेला असेल तर बरं. परत कधी?
तीन वेळा वाचलं. मंग उजेड पडला. आमच्याकडं पंखा ऑफ होतो, बल्ब ऑफ होतो आणि माणूसही ऑफ होतो. 'अमुक काका ऑफ झाले', अख्ख्या जालन्यात कुणाला फोड करून सांगावी लागत नाही. तिकडं माणूस ऑफ झाला की समुद्रावर जातो. तीस वर्षं पोरांना शब्दांच्या शक्ती शिकवते, अभिधा, लक्षणा, व्यंजना. घ्या.
'एक्सपायर्ड' लिहायला हवं होतं का? ते गोळ्यांच्या पाकिटावर असतं.

१४ मार्च
उत्तर दिलं. कुठं गेले ते सांगून गेले नाहीत, परत कधी ते ठाऊक नाही. यात एक अक्षर खोटं नाही.

२२ मार्च
वि.रावांनी नवी पद्धत काढलीय. ह्यांच्यासाठी प्रश्न साठवून राह्यलेत, नंबर घालून. आल्यावर सवडीनं उत्तरं दे म्हणे. आज १ ते ४. पत्र ह्यांच्याच नावे.
मराठीत 'हे' म्हटलं की जगात एकच माणूस. इंग्रजीत 'ही' म्हणजे कुणीही. त्या कुणीहीबद्दल लिहायला त्रास होत नाही, एवढं नोंदवून ठेवते.

६ एप्रिल
कॉलेज सुरू. स्टाफरूममध्ये सगळे हळू बोलतात. कुलकर्णीबाईंनी माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला, त्यांना सोडता येईना. मला घरी जाऊन मेलबर्नच्या कार्ब्युरेटरचं बघायचं होतं. सापडला नंबर, ह्यांच्या वहीत, पेन्सिलीनं. कळवला. शेवटी सही करायची वेळ आली तेव्हा नुसतं 'रजिस्टर' असं टाकलं.

१९ एप्रिल
प्रश्न क्र. ११ नंतर वि.रावांचा चार ओळींचा ताजा कलम, माझ्यासाठी. तुमचे लेख मला फार आवडतात म्हणतात. कुठले लेख? तर दिवाळी अंकांतले माझे सगळे विनोदी लेख ह्यांनी त्यांना इंग्रजीत करून पाठवलेत. माझं लिहिलेलं हे वाचत नाहीत, असा माझा वीस वर्षांचा समज, आणि त्याच्यावर एक लेखही लिहून झालाय. तोही पाठवला होता.
मागवून घेतले. भाषांतर वाईट. दहातले दोन विनोद जगलेत. जिथं मेले तिथं कंसात लिहिलंय, इथं मराठी माणूस हसतो.
वाचून जेवले. भाजी अळणी होती, ते नंतर कळलं.

३ मे
वसंतभाऊजी आले, पिंपळगाव रेणुकाईहून, एस्टीनं. ह्यांचे धाकटे. शेडात डोकावून आले. म्हणाले, वहिनी, ह्या सांगाड्याचं काय करून राह्यले तुम्ही? इथं जालन्यात भंगार वितळवायच्या भट्ट्या काय कमी हैत का. मी म्हटलं, तुमच्या दादांना विचारा. तोंडातून गेलं. त्यांनी चहा बशीत ओतला, तसाच ठेवला.

२१ जून
वि.रावांच्या पत्रानं घोळ घातला. दर वर्षी सप्टेंबरात तिकडं ह्या गाड्यांचा मेळा भरतो. यंदा मेळ्यात ह्यांचा सत्कार ठरलाय. पितळी पाटी करणार, नाव कोरून. ह्यांच्या वतीनं पाटी वि.राव घेणार. खुबा दुखतो, काठी लागते, तरी आगगाडी बदलत जाणार. ह्यांचा फोटो पाठवा, आणि रजेवरून आला की त्यालाच चार ओळी लिहू दे, मी त्या वाचून दाखवीन.
आपल्याकडं जिवंतपणी सत्कार, मेल्यावर शोकसभा. भाषणं तीच. पण क्रम तरी पाळतात.
आता सांगावं लागणार. म्हातारा काठी टेकत दोनशे माणसांपुढं उभा राहून मेलेल्या माणसाला सुटीच्या शुभेच्छा देणार, आणि मागाहून कुणीतरी त्याला सांगणार. ते होऊ द्यायचं नाही.
आणि सांगितलं की प्रश्न बंद. क्र. १९ पर्यंत आलेत.

२७ जून
भाऊजींना फोन केला, सगळं सांगितलं. ऑफचंही. हसतील वाटलं. हसले नाहीत.
"वहिनी, दादा गेल्ता तवा मला तरी कुणी सांगितलं? फोन आला, सिरियस हाय, निघा. मी डब्बा घेऊन निघालो. भोकरदनला मोसंबी घेतली. तुमच्या गल्लीत आलो तर बाहेर चपला दिसल्या. मंग कळलं."
मी विचारलं, राग आला होता का.
"न्हाई. एस्टीत दोन घंटे दादा जित्ता होता ना माझा."
फोन ठेवला. त्या दिवशी त्यांना फोन करणारी मीच होते. सिरियस हा शब्दही माझाच.

२८ जून
रीत ती रीत. वि.रावांना लिहिलं: ही इज सिरियस.
आपल्याकडं एवढं पुरतं. माणूस वाटेतच समजून घेतो.

२९ जून
उत्तर, ताबडतोब. सिरियस? तो कधी नव्हता? चार वर्षांत त्यानं मला एक विनोद सांगितला नाही, तुमचे सोडून. आता कशाबद्दल एवढा गंभीर झालाय? सत्कार नको म्हणतो का? त्याला सांगा, मी ऐकणार नाही.
शब्दकोश उघडला. गंभीर स्वभावाचा, हा अर्थ पहिला. आमचा तिसरा.

१२ जुलै
वर्गात 'मृत्यूसाठी प्रतिशब्द' घेतले. पोरांनी फळा भरला. वारले, गेले, निवर्तले, देवाज्ञा झाली, कैलासवासी, वैकुंठवासी. एकानं 'खपले' लिहिलं, बाकीचे हसले, मग माझ्याकडं बघून एकदम थांबले. मी म्हटलं, बरोबर आहे, लिहा. एवढे शब्द, आणि सगळे प्रवासाचे. कुणी गेलंय, कुणाची कुठं वस्ती झालीय. पत्ताच बदलून राह्यले सगळे. मेले म्हणायचं ते फक्त भांडताना.
वि.रावांना त्यातला एकही चालणार नाही. लगेच विचारतील, परत कधी.

२ ऑगस्ट
आठवडा कोरा. प्रश्न २२, २३. उत्तर दिलं नाही. ह्यांच्या चष्म्याची काडी तुटली होती ती दुरुस्त करून आणली. दुकानदार म्हणाला, साहेबांना म्हणावं जपून वापरा. हो म्हटलं.

१५ ऑगस्ट
सकाळी कॉलेजात झेंडा, घरी येऊन लिहायला बसले. तीन तास. शेवटी उरलं ते एवढं:
डियर मि. विल्फ्रेड, माय हजबंड डाइड ऑन ट्वेंटिएथ फेब्रुवारी. आय टोल्ड यू टू टाइम्स इन अवर वे. सॉरी.
ह्यांना 'डाइड' लिहिलं. स्पेलिंग सोपं आहे.
पाठवायला गेले तर तेवढ्यात फोन वाजला. कुलकर्णीबाई, उद्या सुट्टी आहे का विचारायला. एकाच तारेवर दोन्ही, इंटरनेट तुटलं. परत जोडलं तर पत्र पाठवलेल्यातही दिसेना आणि न पाठवलेल्यातही. परत लिहायचं होतं. लिहिलं नाही.

२३ ऑगस्ट
काल रविवार होऊनही वि.रावांचं पत्र नाही. चार वर्षांत पहिला.

३० ऑगस्ट
आलं. वरती नाव ह्यांचंच. हवापाणी, खुबा, शेजारणीचं मांजर. मेळ्याचं तिकीट काढलंय, पाटी आपण घेणार, 'दोन शब्द' बोलणार. कसले ते लिहिलं नाही. फोटोचं परत विचारलं नाही. परत कधी, तेही नाही.
म्हणजे माझं पत्र पोचलं नाही. किंवा पोचलं, आणि म्हातारा आमच्या रीतीनं वागून राह्यलाय. ओळ न ओळ तपासली, मुलांचे पेपर तपासते तशी. कळत नाही.
शेवटी प्रश्न क्र. २४: वडलांची गाडी माझ्या आठवणीत हिरवी आहे, बहीण म्हणायची, निळी. वरच्या लाल रंगाखाली काय निघतं? रजिस्टरचा नियम माहीत आहे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही. घाई नाही.

३१ ऑगस्ट
कॉलेजातून आल्यावर शेडात गेले. जाळ्या झाडल्या, भाऊजींची रिकामी पोती बाजूला केली. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडेना, दुसरं उघडलं. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उलथन्यानं खरवडलं. लाल गेला. खाली करडा. त्याच्याखाली हिरवा, शेवाळी म्हणावा असा, अजून चकाकतोय. परत एकदा दुसरीकडं खरवडून बघितलं. हिरवाच. मग तिथंच खाली बसून राहिले. अंधारायला लागलं तेव्हा उठले.

१ सप्टेंबर
क्र. २४ चं उत्तर लिहिलं. हिरवा. स्वतः बघितला.
खाली नाव घालायचं राहिलंय.