बाबांच्या रक्ताची नळी

बाबा, जय भीम.

हे पत्र मी टाकणार नाही. लॅबमधल्यांनी कोणाचा रिपोर्ट बाहेर सांगायचा नसतो. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे शुगरच्या पेशंटांच्या हिरड्यांची तपासणी चालू आहे. अंगात सूज किती, ते मी रक्तावरून मोजते. आज एका नळीचा आकडा इतका वर गेला, की मशीन बिघडली समजून मी नमुना परत लावला. तोच आकडा. मग नंबरावरून फॉर्म काढला. अंबादास, राहणार गढा. अक्षर तुमचंच.

गुडाखूनं, त्या तंबाखूच्या पेस्टनं, दात घासणं सुटलं नाही ना अजून? थुंकीत लाल दिसलं की 'पान खाल्लं' म्हणायचे, अन् मी खरं मानायची. फॉर्मवर 'हिरड्यांतून रक्त येतं का' इथं 'नाही' लिहिलं; डॉक्टरपासून काहून लपवून राहिले? हिरड्यांचा इलाज केला तर शुगरही थोडी उतरते, बाबा.

फॉर्मवर 'मुलं किती' इथं तुम्ही 'एक' लिहिलं. म्हणजे बंटी. मी माझ्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून मी नाहीच. चलो, समजली.

पण खाली, 'गरज पडल्यास फोन कोणाला', तिथं नंबर माझा आहे. चार वर्षांत तुम्ही तो एकदाही लावला नाही. पाठ मात्र आहे.

तुमची,
संघमित्रा