बाबांची पाचर

गोंदिया, मंगळवार, संध्याकाळ, १९५६

डोकं फिरलंय आज. रोज इथल्या जवळच्या गोरेगावला मोटारीने जाऊन आलो की हात झिणझिणतात. इंजिनाखालची रबरं दगडासारखी कडक झाली होती. शेवटी नागपूरहून नवी, नरम आणवली. सकाळी मिस्त्रीने बसवली, आणि संध्याकाळी थरथर आधीपेक्षा जास्त! मिस्त्रीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. बॉनेट उघडलं, तर रबरांशेजारी, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, बाभळीच्या पाचरी ठोकलेल्या.

बाबा! जन्म बैलगाडीत गेला त्यांचा. काही सैल दिसलं की ठोक पाचर.

"इंजन हालून राह्यलं होतं," म्हणाले. "उद्या पोरगी बसणार हाय. सैल कायले ठेवाचं?"

पोरगी म्हणजे माझी लेक सुमी. सातवा महिना आहे, बाळंतपणासाठी सासरहून, सौंदडहून आणायचीय. तिच्यासाठीच तर रबरं बदलली! इंजिन हलावं म्हणूनच रबर नरम असतं, हे यांना कसं सांगू?

ते देवघरात गेल्यावर पाचरी उपसल्या, खिशात टाकल्या. इंजिन चालू केलं. नुसती गुणगुण. बाबा बाहेर आले, मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले.

"पाह्यलं ना, पाचरीचा गुण!"

खिशातल्या पाचरी मांडीला टोचत होत्या.