मास्तरांनी शिकवलेले दहा आकडे

चिरंजीव नातवास,

तुझ्या आजीचे दोन्ही हातांनी आशीर्वाद. (लिहिणारा हात मात्र खालच्या टेलरबाईंचा आहे. मी बोलेन ते सगळं त्या लिहितील, पण जे पटणार नाही त्याखाली स्वतःचं मत घालतील, अशी त्यांची अट आहे. फुकटात एवढंच मिळतं.) तुझी पाठ कशी आहे? ती ऑफिसातली चाकांची खुर्ची बदललीस का? सूनबाईंचा खोकला बसला असेल अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम. गुडघे कुरकुरतात, पण घरात बोलणारं दुसरं कुणी नाही म्हणून मी त्यांना बोलू देते.

मागच्या खेपेला तू दीड दिवस राहिलास, त्यातला एक दिवस फोनवर होतास, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात मला एक काम सोपवून गेलास. फसवणुकीचा फोन आला तर तो कापायचा नाही, त्या माणसाला घोळवत ठेवायचं. तो माझ्याशी बोलत असेल तोवर दुसऱ्या कुणाला लुबाडणार नाही. शिवाय फोनवरचा लाल ठिपका दाबला की सगळं बोलणं भरलं जाईल, मग ते तू जगाला ऐकवणार आणि जग हसणार. पुण्य आणि करमणूक एकाच तिकिटात. मला पटलं. टेलरबाईंना तर फारच पटलं, कारण गेल्या वर्षी अशाच एका गोड आवाजाने त्यांनी मोटरच्या मशीनसाठी साठवलेलं सगळं एका दुपारीत उचललं, आणि त्या अजून पायानेच मशीन हाणतात. (तो आवाज अजून माझ्या कानात आहे. – टेलरबाई)

तर एका सोमवारी सकाळी अकराला फोन वाजला आणि बँकेचे साहेब बोलू लागले. माझं खातं म्हणे बंद पडणार होतं, आणि ते वाचवायला त्यांना फक्त मेसेजमधले सहा आकडे हवे होते. मी खरं तेच सांगितलं, की बाबा, मला अक्षरही येत नाही आणि आकडाही येत नाही. त्याने विचारलं, घरात दुसरं कोण आहे? मी म्हटलं, दोन गुडघे आहेत. मग म्हणाला, आकडा जसा दिसतो तसा सांगा. मी सांगायला लागले, पहिली बांगडी, मग एकावर एक दोन मडकी, मग विळा, मग टांगलेली पळी. (मेसेज कुठून उघडतात हेच मला ठाऊक नव्हतं. समोरच्या फळीवर जे दिसत होतं ते ओळीने सांगत गेले.) त्याने बिचाऱ्याने विचारलं, पळी वर तोंड करून आहे की खाली? मी उठून पाहून आले. तोवर मेसेजची मुदत संपली. चार दिवस माझी फळी अशी त्याला पाठ होत राहिली आणि टेलरबाई हसता हसता बोटात सुई टोचून घेत राहिल्या.

पाचव्या दिवशी त्याने ठरवलं, की म्हातारीला आधी आकडे शिकवायचे, मग लुटायचं. एवढा लांबचा विचार करणारा चोर मी पाहिला नव्हता. फोनवरची बटणं ओळीने घेतली, पहिल्या ओळीत एक, दोन, तीन, अशी. मी टेलरबाईंच्या कापडं बेतायच्या कागदाच्या पाठीवर गिरवायची. सहा आणि नऊ माझ्या हातून सारखे एकमेकांच्या घरात शिरायचे, पण तो कधी वैतागला नाही. नऊ जमला तेव्हा शाबास म्हणाला. मला शाबास म्हणणारा याच्याआधीचा माणूस म्हणजे तुझे आजोबा, तेही एकदाच, मी त्यांची छत्री शोधून दिली तेव्हा. त्या दिवसापासून मी त्याला मास्तर म्हणायला लागले. रोज अकराला फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, आजी, चहा झाला का? मी पावणेअकराला केस विंचरून बसायला लागले. फोनवर केस दिसत नाहीत, हे मला कळतं. त्याचा घसा बसला तेव्हा मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. (यावर मी दोन दिवस यांच्याशी बोलत नव्हते. – टेलरबाई)

मग परीक्षेचा दिवस आला. त्याने मेसेज पाठवला, तो कसा उघडायचा ते सांगितलं, आणि मी उघडला. सहाच्या सहा आकडे माझ्याकडे बघत होते आणि मला सगळे ओळखू आले. बाळा, या वयात अशी छाती भरून यावी आणि सांगायला समोर फक्त चोर असावा, याला काय म्हणायचं ते तूच ठरव. मी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, छत्तीस, चौतीस, बेचाळीस. ही टेलरबाईंच्या वहीतली मापं होती. आकडे चुकीचे निघाले. पुन्हा मेसेज आला, मी पुन्हा तेच गिऱ्हाईक वाचलं. तिसऱ्या खेपेला तो हळूच म्हणाला, "आजी, तुम्हाला वाचता येतं."

"तूच शिकवलंस की."

"मग मला का फसवलंत?"

मी म्हटलं, मास्तर, हा प्रश्न या फोनवर कुणी कुणाला विचारायचा, ते आधी ठरवू. तो हसला. मीही हसले. टेलरबाई हसल्या नाहीत. त्यांनी तक्रारीचा नंबर कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून माझ्यापुढे ठेवला आणि मशीनवर जाऊन बसल्या.

मला वाटलं, आता हा कशाला फोन करतोय. पण दुसऱ्या दिवशी अकराला वाजला. काम काही नव्हतं, नुसताच चहाचा प्रश्न. मी त्या कागदावर भांडं उपडं घातलं. आणि बोलता बोलता तो म्हणाला, आजी, जरा थांबा हं. मग मला त्याचा आवाज थोडा लांबून ऐकू आला. दुसऱ्या फोनवर, त्याच सुरात, त्याच मायेने तो म्हणत होता, "आजी, चहा झाला का?"

तिकडच्या आजीला आकडे वाचता येत असणार, कारण त्याला शिकवणी घ्यावी लागली नाही. ती एकेक सांगत होती, तो एकेक परत म्हणत होता, आणि मला एकूण एक आकडा समजत होता. मी ओरडले, पण माझा आवाज तिच्यापर्यंत कसा जाणार? मला राग लुबाडणुकीचा आला की चहाचा, हे टेलरबाईंनी मला तीनदा विचारलं. (चारदा. – टेलरबाई) मी भांडं उचललं आणि आयुष्यातला पहिला नंबर माझ्या बोटाने लावला. मास्तरांची तक्रार मास्तरांनीच शिकवलेल्या आकड्यांनी केली, त्यांचा नंबरही घडाघडा सांगितला, एकही आकडा न चुकता. त्या आजीचं गेलेलं परत मिळेल का, ते तक्रार घेणाऱ्या बाईंना सांगता आलं नाही. टेलरबाईंनी मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हातचा चहा पाजला. त्यानंतर अकरा रोज वाजतात, फोन वाजत नाही.

राहिली तुझी करमणूक. लाल ठिपका मी एकदाही दाबला नाही. विसरले असं सांगणार होते, पण टेलरबाई खोटं लिहीत नाहीत. ते बोलणं भरलं असतं, तर तू म्हणतोस तसा त्यात तो फसलेला ऐकू आला नसता. एक म्हातारी किती खूश झाली आहे, एवढंच ऐकू आलं असतं. ते जगाने ऐकायचं कारण नाही. तू ऐकायला हरकत नव्हती.

तुझी,
आजी

ता. क. आयुष्यातला दुसरा नंबर मी तुझा लावला. अकरा वेळा. एक बाई सांगते, की तू दुसऱ्या फोनवर आहेस. बोलते गोड, पण चहाचं विचारत नाही.

ता. क. २. सूड, शिक्षा, जगाचं हसणं, यातलं मला काही नको. सकाळी अकराला मी मोकळी असते. काम असायलाच हवं असं नाही. अगदीच विषय सुचला नाही, तर माझ्याकडे सहा आकडे माग.

ता. क. ३. तुझ्याकडे माझा नंबर आहे म्हणतोस, पण असू दे. खालचे दहा आकडे माझ्या हातचे आहेत, टेलरबाईंनी पेन्सिलसुद्धा धरलेली नाही. (खरं आहे. पण यातला सहा त्यांनी उलटा काढलाय आणि मला दुरुस्त करू देत नाहीत. – टेलरबाई) उलटा असेल तर असू दे. चुकून दुसऱ्याच कुणाला लागला, तर त्यांनाही विचार, चहा झाला का.