शेंदराचा पहिला हात

भिंगार,
१२ मार्च १९७३

प्रिय सखी फरीदा हीस,
मनकर्णेचा सप्रेम नमस्कार. गनीभाईंना आदाब सांग. त्यांचा गुडघा नमाजाला वाकू लागला का? मी बरी आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि सासरची माणसं रोज येतात. उलटं असतं तर बरं झालं असतं.

तुला आठवतं, कॉन्व्हेंटात प्रार्थनेची घंटा झाली तरी मी आरशासमोर हात वर करून केस बांधत बसायचे? आमच्या ह्यांनीही मला लग्नानंतर तशीच पाहिली आणि तशीच घडवली. लोखंडाची. (लष्करी वर्कशॉपातला माणूस, संगमरवर कुठून आणणार?) लिलावातलं भंगार घेऊन बसायचे. गिअरचं चाक माझा अंबाडा, जीपचे दिवे माझे डोळे आणि कमरेच्या जागी एक पिंप. पिंपावरून आमचा अबोला झाला होता, पण तो तूर्त बाजूला.

खोलीत मावेना म्हणून तिला तिसगावला आमच्या बांधावर उभी केली. गाव हसलं. माझे दीर काकासाहेब पाहुण्यांना मुद्दाम "भावाचं बुजगावणं" दाखवायला नेत.  गंजू नये म्हणून ह्यांनी तिला शेंदरी प्रायमरचा पहिला हात दिला. वर आकाशी रंग द्यायचा होता. त्याचा डबा आणला आणि मार्गशीर्षात गेले.

त्यात हा दुष्काळ. खडी फोडायला जाणाऱ्या बाया तिच्या सावलीत टेकू लागल्या. अंगभर शेंदरी रंग, वर केलेले हात, वटारलेले डोळे. आणखी काय हवं? चांगुणा नावाच्या बाईने नारळ फोडला आणि त्याच संध्याकाळी गावात टँकर आला. (तो इतके दिवस वाटेत नादुरुस्त पडला होता, पण हे ऐकतो कोण?)

ह्यांनी केलेल्या बाकी वस्तू काकासाहेबांनी केव्हाच भंगारात वजनावर घातल्या. ही एक उरली होती, ती घरी आणावी म्हणून परवा टेम्पो घेऊन गेले. बघते तर वर पत्र्याची शेड, गळ्यात लिंबांची माळ, आणि पुजारी कोण, तर कारभारी, जो ह्यांना तोंडावर येडा म्हणायचा. त्याने मला चपला काढायला लावल्या. बायकांनी दोरीच्या बाहेरून दर्शन घ्यायचं, असंही सांगितलं.

मी म्हटलं, "अहो कारभारी, ही मी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वर तिच्याकडे. "न्हाई बाई, तोंड मिळत न्हाई."

(सिस्टरांनी नम्रता पुष्कळ शिकवली, पण स्वतःच्याच पाया पडायचं कसं, ते राहून गेलं.)

मग मी आवाज चढवला. ही माझ्या नवऱ्याने केली, करताना त्यांचे हात भाजले, सगळं सांगितलं. काकासाहेब (ते आता देवस्थानाचे अध्यक्ष) चपलांकडे बघत राहिले. कारभारी मात्र शांतपणे म्हणाला, "देवी कुनी करत न्हाई, बाई. ती येती. ही नांगराला लागली."

फरीदा, लोक हसत होते तोवर ती त्यांनी केलेली होती. हात जोडायची वेळ आली, आणि ती स्वयंभू झाली. तसा फलकही लावलाय. टेम्पो रिकामाच परत आणला. वाटेत ड्रायव्हर मला समजावत होता की देवी जागृत आहे.

तुझी,
मनकर्णा

ता. क. आता तिसगावला मी पाय ठेवणार नाही.

ता. क. दुसरा. निघताना चांगुणा टेम्पोपर्यंत आली. चैत्रात जत्रा आहे, देवीला माहेरची साडी लागते आणि हिचं माहेर कुणालाच ठाऊक नाही. "तुमी वळखीच्या दिसता. तिला मागं कुनी हाय का?" म्हणाली. माझ्या माहेरी आता कुणी उरलं नाही, हे तू जाणतेस. मी तुझं नाव सांगितलं. तेव्हा गनीभाईंच्या दुकानातली एक नऊवारी पाठव (सहावारी त्या पिंपाला पुरायची नाही). रंग पक्का बघ, शेडमध्ये ऊन येतं. आणि लवकर पाठव. नेसवायला मीच जाणार आहे. साडी घेऊन आलेल्या माहेरच्या माणसाला दोरीशी अडवत नाहीत, असं चांगुणा म्हणाली.