शेवटच्या खांबावरचं वेटोळं

मंगळवार, उंद्री

आज बुलढाण्याला आम्हा केबल-इंटरनेटवाल्यांची बैठक. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारनं परवानगी देऊ नये, असा ठराव झाला. सगळ्यात जोरात मीच बोललो. "खांब आमी रोवले, वायर आमी ओढली, अन् हे वरून येऊन गिऱ्हाईक नेतीन?" टाळ्या पडल्या. तेव्हा बरं वाटलं.

येताना मळ्यातल्या वस्तीवरून आलो. आमची वायर तिथल्या शेवटच्या खांबापर्यंतच गेलेली. उरलेलं वेटोळं कधीपासून तसंच लटकतंय. पुढं घरं थोडी, परवडत नाही म्हणून थांबलो. खरंच परवडत नव्हतं? की दुसरं कोणी येणारच नाही, म्हणून निवांत होतो?

खांबापलीकडं शकीलाभाभी राहतात, शिवणकाम करतात. त्यांची पोरगी अभ्यासासाठी मोबाईल घेऊन टेकडीवर जाते. त्यांनी मला खांबापाशीच थांबवलं. वाटलं, आता चांगलंच ऐकवतील. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्या संकोचून म्हणाल्या, "भाऊ, ते आभाळातलं नेट आलं तं आमी वस्तीवाले मिळून घेऊ का? तुमाले वाईट तं नाई वाटनार?"

"घ्या ना," म्हणालो. वर बघायची हिंमत झाली नाही. वर ते वेटोळं होतं.