चित्रातला माणूस

शेशियान,
९ मार्च १९९६

प्रिय चिआन,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहे. बांबूचे कोंब यंदा लवकर आले. खारवलेल्या मांसात घातले की तुझ्या दाजींना दुसरे काही सुचत नाही. तिकडे शेंझेनला हॉटेलांसाठी तीच ती तैलचित्रे रंगवून तुला कंटाळा कसा येत नाही, देव जाणे.

बाबा रोज शाई उगाळतात. तू गेल्यापासून त्यांच्या एकाही चित्रात माणूस नाही. डोंगर, धुके, पूल सगळे असते, पण झोपडी रिकामी. चित्रात डोंगर-पाणी त्यांनी काढायचे आणि माणूस तू, ही आपल्या घरची वाटणी त्यांनी मोडली नव्हती. लोक त्यातून भलतेच अर्थ काढतात. परवा वरच्या मठातले ताओपंथी साधू आले होते. चित्रापुढे बराच वेळ उभे राहून म्हणाले, "बाओ गुरुजी, इथे 'मी' उरलाच नाही. माणूस धुक्यात विरघळून गेला."

बाबांनी गंभीरपणे मान डोलावली. साधू गेल्यावर मला म्हणाले, "विरघळलाय कुठला, शेंझेनला गेलाय."

मला हसू आले आणि मग आत जाऊन रडायलाही आले.

तू शेंझेनला निघालास तेव्हा 'पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस' असे ते तुला बोलले, ते वाईटच बोलले. पण शब्द मागे घेणे त्यांना येत नाही, आणि तू तरी कुठे वेगळा आहेस?

आता लिहायचे ते लिहिते. गेल्या आठवड्यात बाबांनी तुझा बारीक कुंचला मागितला आणि स्वतःच माणूस काढायला बसले. कुंचला घसरला, डाग पडला. त्याला दोन रेघा देऊन म्हणाले, "दगड झाला." दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, पुन्हा दगडच झाला. तू येशील ही आशा त्यांनी सोडली, हे मला तेव्हा कळले.

त्यांच्या फुफ्फुसात गाठ आहे. उन्हाळा निघणे कठीण, असे डॉक्टर म्हणतात. तुला कळवायचे नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती, ती मी मोडते आहे.

ये. माफीबिफीचे काही काढू नकोस, सरळ चित्रापाशी बस. फक्त डोंगराकडे निघालेला माणूस काढू नकोस. तसा एक घरात आहे. घराकडे येणारा काढ.

तुझी आणि त्यांचीही,
युनछिंगताई